भांडणाची मराठी

मधुवंतीबाई मिरजेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा निरोप समारंभात साहेब म्हणाले होते की आता ऑफिसात जरा शांतता नांदेल. बाईंना ते कौतुकच वाटलं होतं. अशी बोलघेवडी बाई चंडीगडला मुलाकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आलं की सहा महिन्यांच्या नातवाशी मराठीत बोलायचं नाही.

सांगणारी सून होती, मैत्रेयी. ती विद्यापीठात संशोधन करायची. नाशिकच्या मराठी शाळेतून इथवर आलेली, आणि प्रयोगशाळेत लोक तिच्या इंग्रजीला हसलेले. तो काटा मनातून निघाला नव्हता. मुलाच्या वाट्याला तसलं काही येऊ नये म्हणून घरात नियम झाला: अंशुमनशी फक्त इंग्रजी. दोन भाषांनी पोराचा गोंधळ उडतो, असं तिनं कुठंतरी वाचलंही होतं. मुलगा यतीन हाडांचा डॉक्टर. दुसऱ्यांची हाडं सांधणाऱ्या या माणसाला आपल्याच घरात कणा नव्हता. तो म्हणाला, "आई, घे ना जरा ॲडजस्ट करून."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी नियम मोडला नाही, आणि खरा दुष्टपणा इथेच होता. इंग्रजी हवंय ना, मग घ्या इंग्रजी. नातवाला मांडीवर बसवायचं, चित्राचं कार्ड समोर धरायचं, "ॲपल" म्हणायचं आणि थांबायचं. "बॉल" म्हणायचं आणि थांबायचं. पुढे गोष्ट नाही, गाणं नाही, लाडाचा शब्द नाही. पोर मुकं राहिलं की सून नाक घासत येईल आणि मग मी त्याला मराठीत बोलतं करून दाखवीन, असा त्यांचा डाव होता. पोराचे बोलायला शिकायचे दिवस त्या डावाला लावताना त्या कचरल्या नाहीत.

मैत्रेयीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तिचं इंग्रजी सेमिनारचं. त्यात मुलाशी बोबडं बोलणं तिला साधायचंच नाही. मग तीही कार्डंच दाखवायची. भिंतीवर रंगांचे तक्ते, जमिनीवर लाकडी ठोकळे आणि त्यांच्या मधोमध बसलेलं एक गप्प पोर.

घरात तोंड भरून बोलणं व्हायचं ते दोघींचं आपसात, म्हणजे भांडण. ते मात्र अस्सल मराठीत. घरकामाला येणारी कमलेश (इकडे हे बाईचंही नाव असतं) आणि भिंतीपलीकडचे सरदारजी, यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. भांडतात एवढं समजलं तरी कशावरून ते समजायचं नाही, त्यामुळे दोघींना रान मोकळं होतं. दुधात साखर घातली म्हणून भांडण, टोपडं घातलं नाही म्हणून भांडण. मैत्रेयी थंड आवाजात एकेक चूक दाखवायची आणि बाई मनगट झटकून म्हणायच्या, "चालती हो माझ्यासमोरून." घर तिचं, आणि चालती तीच व्हायची! पोर मध्ये बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे मान वळवायचं. त्याला काय कळतंय, असं दोघी धरून चालल्या होत्या. त्यांचं एकमत होतं ते एवढ्याच बाबतीत.

दीड वर्षाचा होऊनही अंशुमन बोलेना. यतीननं कान तपासून घेतले, ते ठणठणीत होते. मैत्रेयीचा धीर सुटला. बाई चोरून त्याच्याशी मराठी बोलतात, असा आळ तिनं घेतला. बाईंनी देवाशप्पथ सांगितलं की एक शब्दही बोललेल्या नाहीत. ते खरं होतं. ज्याची लाज वाटायला हवी, ते त्यांनी ताठ मानेनं सांगितलं.

संक्रांत झाल्यावर बोरन्हाण करायचंच, म्हणून बाई हटून बसल्या. शहरातल्या मराठी बायका जमल्या: फौजी अधिकाऱ्यांच्या बायका, यतीनच्या इस्पितळातल्या एकदोघी डॉक्टर. बाहेर धुकं, आत हीटर. चुरमुरे मिळाले नाहीत, म्हणून बोरांत पंजाब्यांच्या लोहडी सणाच्या लाह्या आणि रेवड्या मिसळल्या होत्या. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेला अंशुमन पाटावर बसला. पहिला मान आजीचा. बाईंनी वाकून त्याच्या डोक्यावर वाटी रिकामी केली, आणि एक टपोरं बोर नेमकं त्याच्या नाकावर आपटलं.

त्यानं वर पाहिलं, मनगट झटकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तालती हो."

क्षणभर बाईंना आनंदच झाला. नातवाचा पहिला शब्द, आणि तोही मराठी! मग आपण काय ऐकलं ते त्यांच्या लक्षात आलं. खोली हसून हसून लोटपोट झाली होती. या अख्ख्या शहरात ज्यांना ते कळलं असतं, नेमक्या त्याच बायका तिथे बसल्या होत्या. डोळे पुसत वसुधाताई नावाच्या एका कर्नलीणबाईंनी विचारलं की हे कुणी शिकवलं.

"आजीनं," मैत्रेयी म्हणाली आणि तिळगुळाचं ताट पुढे केलं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पाटाजवळ खाली बसल्या, हात पसरले आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी मराठीत बोलल्या. "नाही रे माझ्या सोन्या. असं नाही म्हणायचं. ये, आजीकडे ये."

पोराचा चेहरा बदलला. त्यानं सवयीनं मान वळवून आईकडे पाहिलं, पुन्हा आजीकडे पाहिलं, आणि दोन्ही कानांवर हात दाबून भोकाड पसरलं. या भाषेत बोलणं सुरू झालं की पुढे काय होतं, ते त्याला पाठ होतं.

मैत्रेयी ताट टाकून धावली. घाईत नियम तीही विसरली. "काही नाही रे राजा, काही नाही, मी आहे ना," असं म्हणत तिनं त्याला उचलायला हात घातला, तर तो आणखीच किंचाळला आणि दोघींपासून सरपटत मागे गेला, पार भिंतीला टेकला.

बायका हसायच्या थांबल्या होत्या. बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थबकल्या. मैत्रेयीनंही ओठ मिटले.

दोघी गप्प बसल्या, तेव्हा कुठे त्याचं रडणं थांबलं.