तिसऱ्या मजल्यावरचे तात्या

तिसऱ्या मजल्यावर राहूनही ज्याचे पाय कधी जमिनीवरून सुटले नाहीत असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत आमच्या बरोबर डोक्यावर राहणारे तात्या. नव्वदच्या सुमारास त्यांच्या मुलाला सोडतीत फ्लॅट लागला आणि कागलकडच्या खेड्यातली म्हैस विकून तात्यांना कोल्हापुरात यावं लागलं. तेव्हापासून रस्त्यावर कुठं म्हैस हंबरली, की ते ताटावरून उठून गॅलरीत येत आणि तिचं वय, वेत नि तिच्या मालकाचा स्वभाव खालून जाणाऱ्यांना मोठ्यांदा सांगत. दार लावून बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा मुलगी बघायला आलेली मंडळी मजला चुकून त्यांच्याकडं तासभर पोहे खात बसली होती. या घरात मुलगीच नाही, हे त्यांना निघताना कळलं. तात्यांचं म्हणणं एवढंच, ‘‘पावणं आल्यावर कशाला आला म्हणून इचारत्यात व्हय?’’

मग एका सकाळी घरात कुणाला न सांगता तात्या बाजारातून म्हैस घेऊन आले आणि जिन्याखालच्या स्कूटरी बाहेर काढून त्यांनी ती तिथं बांधली. सोसायटीनं तातडीची मीटिंग बोलावली. तात्यांनी आल्या माणसाच्या हातात धारोष्ण दुधाचा पेला दिला, त्यामुळं निर्णय आठवडाभर लांबला. शेवटी मुलानंच हात जोडले. तात्या दावं धरून चालत गावाकडं गेले ते तिकडंच राहिले.

पुढं काही वर्षांनी कागलला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून मी त्यांच्याकडं गेलो. गोठ्यात दोन म्हशी होत्या, रेडकू होतं, अंगण होतं. पण म्हशींविषयी ते काहीच बोलेनात. पाणी किती वाजता येतं, खालच्या काकूंचा गुडघा कसा आहे, असं घराघराचं विचारत राहिले. माझ्या वडिलांना ते आण्णा म्हणत. आण्णांचा दमा कसा आहे, असं विचारल्यावर ते गेल्याचं मी सांगितलं. तात्या बराच वेळ रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

‘‘हितं समदं हाय,’’ मग ते म्हणाले, ‘‘पर रातचं जाग आली की खालनं आण्णा खोकत न्हाईत.’’

शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. मी पायातल्या चपला काढून ठेवल्या आणि त्यांच्याजवळ बसलो.