आत्मारामचा विंचू

बापूंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "गाणं झ्याक हाय पोरी. पण आमचं न्हाय."

मी घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळी मास्टर पाठवायचा होता. मास्टर म्हणजे शेवटची पक्की प्रत. तिच्यावरूनच सगळ्या रेकॉर्ड छापतात. आणि मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीवाल्या समीरशी बोलणं असं झालेलं, की बापू हो म्हणाले तरच अल्बम पुन्हा निघणार.

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर माझा स्टुडिओ आहे. जुन्या टेप स्वच्छ करणं हा माझा धंदा. बापू कसबा बावड्याचे. ऊस आणि दोन म्हशी. तरुणपणी ते, गायक आत्माराम आणि आणखी दोघं, अशा चौघांनी मिळून 'उसातली वाट' नावाचा एकच अल्बम केला. गाणी रानातली, गिटार घोड्यावरच्या काऊबॉयची, आणि एको एवढा की ऐकणाऱ्याला गरगरावं. त्या वेळी लोकांनी "हे काय लावलंय" म्हणून बंद करायला सांगितलं. आता त्याला सायकेडेलिक कंट्री-रॉक म्हणतात. खालच्या क्लासमधल्या मुली मोबाइलवर त्याची घासलेली कॉपी ऐकतात. त्यातली एक मला म्हणाली, "हरवल्यासारखं वाटतं, आणि बरंपण वाटतं." चौघांतले बापू तेवढे उरलेत.

"काय बिघडलं, बापू?"

"विंचू कुठं गेला?"

मी पाय खुर्चीवर घेतले.

बापू हसले. "त्यो न्हवं. चपलेतला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कोल्हापुरी चप्पल चालताना करकर वाजावी म्हणून तळव्याच्या थरांमध्ये एक बी घालतात, त्याला विंचू म्हणतात. अल्बममधलं शेवटचं गाणं चकव्याचं. माणूस उसात शिरतो आणि वाट सापडत नाही म्हणून गोल गोल फिरत राहतो.

"दोन माइक उभं केलतं," बापू सांगू लागले. "आत्माराम चप्पल लाइनीतल्या दुकानातली नवी चप्पल घालून त्यांच्याभोवती फिरत गायला. करकर ह्या कानातनं त्या कानात जायची. ऐकणाराबी उसात घुसला पायजे, म्हणायचा."

ती करकर मला ऐकू आली होती. टेप खराब झाली असं समजून मी सॉफ्टवेअरला सांगितलं, ही काढ. त्याने इमानेइतबारे काढली. माझे आजोबा घरी यायचे तेव्हा आधी त्यांची चप्पल ऐकू यायची, मग ते दिसायचे. तरी मला ओळखता आली नाही. लाज वाटली.

"त्यो गेला," बापू म्हणाले. "त्याचं चालणं तेवढं तिथं ऱ्हायलंय."

मूळ टेपची कॉपी मी कधीच पुसत नाही, म्हणून वाचले. तिच्यावर पुन्हा बसले. या वेळी टेपची फक्त खरखर काढली, तीही हाताने, एकेक सेकंद ऐकत. करकरीला हात लावला नाही. मग तेवढं गाणं समीरला पाठवलं आणि फोन करून सांगितलं, करकर राहणार.

"अहो मॅडम, लोक डिफेक्टिव्ह म्हणून परत पाठवतील."

"आधी हेडफोन लावून ऐका."

गाणं अकरा मिनिटांचं. बाराव्या मिनिटाला त्याचा फोन.

"मॅडम, मी मागे वळून बघितलं."

"मग?"

"कुणी नव्हतं. हेच पाठवा."

मास्टर पाठवायच्या आधी बापूंना ऐकवलं. डोळे मिटून बसले. जरा वेळाने त्यांचा पाय जमिनीवर ताल धरू लागला. "व्हय," ते म्हणाले, "आला की."

मला रडू आलं. बापूंनी चहा मागवला.

रेकॉर्ड निघाली. मध्यंतरी बंगलोरच्या एकाचा ईमेल आला. शेवटच्या गाण्यात भोवती फिरणारा आवाज सॉफ्टवेअरच्या कुठल्या प्लगइनने केला, लिंक पाठवाल का? मी कळवलं, चप्पल लाइन, कोल्हापूर. माप सांगा.

आता कुणी जुनी टेप घेऊन आलं, की मशीन लावायच्या आधी मी विचारते, गाताना पायात काय होतं?