तापमान सांगा आधी

कोणी काहीही सांगायला गेलं की आमचे सर हात वर करून म्हणायचे, "तापमान सांगा आधी." चहा पुचाट झालाय, तापमान. मोठे साहेब चिडलेत, तापमान. सरांच्या घरी वहिनींना ताप आला तेव्हा मात्र तो प्रश्न बरोबर ठरला.

ठाण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सर निकेल-ॲल्युमिनियमचे स्फटिक दाबून बघायचे. शेंगदाण्याएवढा तुकडा, पण अखंड एकच स्फटिक. तसा एक हाती यायला महिने जात. तो भट्टीत तापवायचा, मशीनने दाबायचा, आणि कायमचा चेपायला किती जोर लागतो ते रजिस्टरात लिहायचं. आकड्यात फेरफार करणारा माणूस सरांच्या लेखी खिसेकापू.

मी डोंबिवलीहून यायचे, नोकरी अजून कच्ची होती. एका दुपारी सर जेवायला गेले आणि उरलेला शेवटचा तुकडा माझ्यावर सोपवून गेले. भट्टी तापलेली, तरी जोर थंड तुकड्याच्या कितीतरी पट लागत होता. आता तुम्हीच सांगा, तापलं की लोखंडसुद्धा मऊ पडतं. मशीन बिघडलं असं ठरवून मी मोठ्या हुशारीने लाल बटण दाबलं. तुकडा अर्धवट चेपून वाया गेला.

सर डबा धुऊन आले.

"सर, मशीन बिघडलेलं, मी बंद केलं."

"तापमान सांग आधी."

"सातशे बारा."

सर मटकन खाली बसले. "अगं, हा उलट्या खोपडीचा आहे. एका हद्दीपर्यंत तापवशील तेवढा ताठ होतो, मग एकदम नांगी टाकतो. तुला सांगायचंच राहिलं."

तेवढ्यात मोठे साहेब आले. "कुणी बंद केलं?"

माझी नोकरी गेलीच होती.

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही? इतक्या वर्षांत कधी नाही ते?"

"मीच."

साहेब तापत गेले, सर ताठ होत गेले. शेवटी साहेबांनीच नांगी टाकली आणि ते केबिनमध्ये निघून गेले. सर हळूच म्हणाले, "बघितलंस? हद्द असते."

सर जाऊन वर्ष झालं. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते, आणि नव्या मुलींना सगळ्यात आधी ती उलटी खोपडी समजावते. परवा जुनं रजिस्टर उघडलं. त्या दिवसाच्या ओळीत त्यांचं वळणदार अक्षर होतं, 'चाचणी मध्येच बंद. चूक माझी.' खाली सही. अख्ख्या रजिस्टरातली त्यांची ती एकच खोटी नोंद. पण तिच्यापुढेही तापमान अचूक लिहिलंय, सातशे बारा.