पांढऱ्या सोन्याचं रेझर

नातवाला आजोबांचं रेझर हवं झालं. पुण्यात त्याच्या वयाच्या पोरांना आता असल्या जुन्या रेझरचं वेड लागलंय म्हणे. फोनवर मला विचारतो, "आजी, खालची मूठ फिरवली की वरची दोन झाकणं उघडतात, तसलं आहे ना ते? फेकू नको हां." फेकते कशाला! ह्यांच्या माघारी कपाटाच्या वरच्या फळीवर मी ते देवासारखं जपलं होतं. देवासारखं म्हणजे समोर गेलं की मान खाली घालून.

त्याला कारण होतं. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मी अंगाने काटकी आणि डोक्याने त्याहून हलकी. हे मालवाहू बोटीवर खलाशी, गणपतीला रजेवर आलेले. सणाआधी सासूबाईंनी समया, ताम्हण, घंगाळ, सगळं पितळ मागीलदारी काढलं. आमच्याकडे पितळ उजळायचं ते भिजवलेल्या आमसुलांनी, वर राख, आणि घासायला नारळाचं सोडण. मला तर चांगली सून व्हायची कोण घाई! पडवीतल्या कोनाड्यात ह्यांचं रेझर होतं, ते मळकट दिसलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी तेही उचललं आणि समईइतक्याच जोराने घासलं. पांढरं होतं, ते घासता घासता पिवळं झालं. मला वाटलं, वा, मळ निघाला! ओल्या हाताने नाचवत ह्यांना दाखवायला गेले.

ह्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगो, काय केलंस हे? पांढरं सोनं होतं त्याच्यावर. कप्तानाने खूश होऊन दिलं होतं मला."

मला सोनं ठाऊक ते पिवळं. पण चार देशांची बंदरं बघितलेला माणूस सांगतोय, म्हणजे असणारच. मी परत मागीलदारी धावले. मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचं, तिथला गाळ ओंजळीने काढून फडक्यातून गाळत बसले, सोन्याचे कण मिळतात का बघायला. ती पोरगी आज भेटली तर तिला मी माडावर चढवून शहाळी काढून घेईन. चढेल ती. कोणीही सांगावं आणि तिने ऐकावं.

पुढे संसारभर ते रेझर मला पुरलं. शिवणयंत्र घ्या म्हटलं, चार दिवस माहेरी जाते म्हटलं, की हे दाढी करता करता थांबायचे आणि रेझर उजेडात धरून निरखायचे. बोलायचे काही नाहीत. मीच म्हणायची, "राहू दे, नंतर बघू."

मग वन्संचं लग्न ठरलं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. तिच्या अंगावर घालायला काही नाही म्हणून घरात कुजबुज. ह्यांनी एका सकाळी रेझर पुसता पुसता नुसतं म्हटलं, "हे पांढरं राहिलं असतं, तर आज ह्याचंच काहीतरी झालं असतं." मी चुलीपुढून उठले आणि आईने घातलेल्या पाटल्या स्वतःच्या हाताने काढून सासूबाईंपुढे ठेवल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लाजल्या असतील, असं मला वाटलं.

शेवटच्या आजारात ह्यांचा हात थरथरायचा, तेव्हा त्याच रेझरने मी त्यांची दाढी करायची. एकदा म्हटलं, "तुमचं सोनं मी घालवलं, रागावला नाहीत ना?" ह्यांनी दुसरा गाल पुढे केला. मला वाटलं, माफ केलं.

तर परवा ते रेझर साफ करायला काढलं. वन्सं लांज्याहून ओले काजूगर घेऊन आल्या होत्या, त्या समोर बसून सोलत होत्या. नातवाने व्हिडिओ कॉल लावला आणि बजावलं, "आजी, आमसूल नाही, राख नाही, लिंबू नाही. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश." एवढी अक्कल तेव्हा कोणी दिली असती तर! वर्षानुवर्षांचा साबण आत दगडासारखा बसला होता. भिजवलं तेव्हा कुठे मूठ फिरली आणि दोन झाकणं पाकळ्यांसारखी उघडली. काडीने फटी कोरल्या. झाकणांच्या आतल्या बाजूला, जिथे माझं सोडण पोचलंच नव्हतं, तिथे पांढरं चकचकीत होतं.

"हे बघ," मी मोबाइलसमोर धरून म्हटलं, "तुझ्या आजोबांचं पांढरं सोनं. थोडं उरलंय."

"कसलं सोनं?" तो म्हणाला. "मुठीवरच्या रेघा दाखव. आता खालचा शिक्का. आजी, हे साधं मॉडेल आहे. पितळेवर निकेलचं पाणी चढवलेलं. तेव्हा घरोघरी असायचं हे."

"पण कप्तानाने..."

वन्सं फिस्सकन हसल्या. "कप्तान कुठला गो वहिनी! दादाने मुंबईत बंदराबाहेर फुटपाथवर घेतलंन ते. तू आळ्यात सोनं शोधत होतीस ना, तेव्हा आम्ही आत तोंडात पदर कोंबून हसत होतो. आई तर..."

तेवढ्यात माझा चेहरा दिसला असावा. त्या थांबल्या. "मला वाटलं, नंतर दादाने सांगितलं असेल तुला."

मी नातवाला म्हटलं, "ठेव रे बाळा, मग बोलते," आणि फोन बंद केला.

हसण्याचं मला काही नाही. मीही हसले असते, हसण्यासारखीच होते. पण मी पाटल्या काढून ठेवल्या तेव्हा घरात कोणीच हसलं नव्हतं. तेव्हा सगळे गंभीर होते. आणि ह्यांनी शेवटी दुसरा गाल पुढे केला, ती माफी नव्हती. तो गाल राहिला होता, एवढंच.

वन्संच्या हातात माझ्या पाटल्या होत्या. काजूचा चीक लागू नये म्हणून कोपराकडे सरकवलेल्या. माझी नजर तिकडे गेली तसा त्यांनी पदर पुढे ओढला.

"वन्सं," मी म्हटलं, "पाटल्या काढा."

त्या हसल्या. माझा चेष्टेखोर स्वभाव गावाला माहीत. मी हसले नाही.

"वेडी आहेस काय? सुनेला कबूल केल्यात मी त्या."

"मला काय सांगून त्या काढायला लावल्या, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"निघत नाहीत गो आता, हाताचे पंजे सुजलेत. आणि माझी एसटी..."

"एसट्या दिवसभर असतात," मी म्हटलं. उठून पडवीचं दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.