नेमणुकीची मैत्रीण

नेल्डा ओल्सनने चर्च सोडलं तेव्हा तिने साठी ओलांडली होती, आणि आमच्या चर्चमध्ये मना असलेली कॉफी करायलाही ती त्याच वर्षी शिकली. दोन्हींपैकी चर्च सोडणं तिला बरं जमलं. तिची कॉफी म्हणजे बटाटे उकडून उरलेलं पाणी. तरी दर रविवारी सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून ती पितो, कारण आमच्या सॅनपीटच्या खोऱ्यात रविवारी सकाळी टाय न लावता बसायला दुसरी जागा नाही. सगळं गाव चर्चमध्ये असतं. रस्त्यावर फक्त कुत्री आणि आम्ही.

आम्ही म्हणजे चर्च सोडलेले चौघे. नेल्डा, तिच्या शेजारी राहणारा मी, टर्की पाळून म्हातारा झालेला थेन, आणि गावात केस कापायचं दुकान चालवणारी ब्रिन. ब्रिन तिशीची आहे, तिच्या दंडावर गोंदलेलं आहे, देव आहे की नाही यावर ती कोणाशीही तासभर भांडेल. पण लहानपणी रविवारच्या वर्गात नेल्डा तिला शिकवायची, म्हणून अजून तिच्या तोंडून 'नेल्डा' निघत नाही. चर्चमधल्यासारखं 'सिस्टर ओल्सन'च म्हणते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

नेल्डा याच गावातली. तिच्या आजोबांचे आजोबा डेन्मार्कहून इथे आले ते याच धर्मासाठी, समुद्र ओलांडून, मग हातगाडी ओढत. एवढं चालून आलेल्यांच्या घरात बाहेर पडायची वाट कोणी कोणाला दाखवत नाही. तिचं लग्न चर्चच्या मोठ्या मंदिरात झालं, मुलांना तिने इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात देशोदेशी प्रचाराला पाठवलं, आणि कितीतरी वर्षं ती गावच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्षीण होती. कोणी गेलं की बटाटे-चीजची परात पहिली तिच्या घरून निघायची. गावातल्या निम्म्या माणसांना पुरताना मी तिचे बटाटे खाल्ले आहेत, आणि खरं सांगायचं तर काहींच्या बाबतीत तेवढंच चांगलं आठवतं.

पण तिचं खरं काम होतं नेमणुकांचं. आमच्यात प्रत्येक बाईला दोन-चार घरं नेमून दिलेली असतात. महिन्यातून एकदा जायचं, बसायचं, विचारपूस करायची, काही हवं-नको पाहायचं. कोणी कोणाकडे जायचं हे नेल्डा ठरवायची, आणि लग्नाची स्थळं जुळवावीत तितक्या काळजीने. ही फार बोलते, तिला बहिरीकडे पाठवा. हिचा नवरा पितो, तिच्याकडे तोंड बंद ठेवणारी हवी. आणि स्वतःच्या घरी यायला तिने आयोना लार्सनला नेमलं. बागेपलीकडच्या घरातली आयोना, बुजरी, उंच, सगळ्या फोटोंत मागच्या रांगेत उभी असणारी.

वीस-बावीस वर्षं आयोना येत राहिली. महिन्यातून एकदा यायचं ते आठवड्यातून तीनदा येऊ लागली. दोघींनी मिळून पीचच्या किती बरण्या भरल्या असतील त्याला गणती नाही. नेल्डाचा नवरा रीड आजारी पडला तेव्हा आयोना त्याच्या उशाशी बसायची आणि नेल्डाला म्हणायची, "जा, पाठ टेक जरा."

आमच्यात न सुटणारा प्रश्न फळीवर ठेवून द्यायचा असतो. पुढे कधीतरी उत्तर मिळेल म्हणायचं. रीड गेल्यावर नेल्डाने फळीवरचं सगळं खाली काढलं आणि वाचत बसली. जुना इतिहास, जुनी पत्रं, कोण केव्हा काय म्हणालं आणि मग केव्हा बदललं. वर्षभराने ती बिशपकडे गेली आणि शांतपणे म्हणाली, "मला हे आता खरं वाटत नाही." बिशप भला माणूस, रडला बिचारा. नेल्डा रडली नाही.

रडली ती पुढच्या महिन्यात. आयोना आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग कोणीतरी सांगितलं, मंडळाने तिला दुसरी घरं दिलीत. किराण्याच्या दुकानात भेट झाली तर आयोना हवेबद्दल बोलायची आणि गाडी ढकलत पुढे जायची.

"मुलं बोलेनाशी झाली असती तर समजले असते," नेल्डा मला एकदा म्हणाली. "ती रक्ताची आहेत, रागावतील. पण ही गप्प झाली ती रागाने नाही, क्ले. माझ्या घराची पाळी संपली म्हणून. आणि तिला इथे नेमलं कोणी? मीच. माझी मैत्रीण मीच नेमून घेतली होती. ती मैत्रीण होती की नेमणूक, हे मला आता कोण सांगणार?"

मी कॉफी प्यायलो, ती शिक्षा पुरेशी होती.

आता गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी चर्चचं अधिवेशन असतं, त्या दिवशी कोणी चर्चला जात नाही, घरोघरी टीव्हीवर नेत्यांची भाषणं ऐकतात आणि दालचिनीचे रोल खातात. आम्ही धर्म सोडला, रोल सोडले नाहीत. आणि भाषणंही सोडत नाही, ती का, ते विचारू नका. दारू सोडलेला माणूस गुत्त्यापुढून जाताना वास घेतोच.

त्या रविवारी दुपारच्या सत्रात पांढऱ्या केसांचे एक वयस्क नेते बोलायला उभे राहिले. आवाज सायीसारखा मऊ. म्हणाले, आपल्या बाकांवर काही जागा रिकाम्या आहेत. त्यांच्याकडे जा. त्यांना परत आणायला नको, समजवायला नको, नुसते जा. नेमणुकीची वाट पाहू नका. कोणी सांगितलं म्हणून जाऊ नका, प्रेमाने जा.

थेनच्या तोंडातला रोल बाहेर यायचा बाकी राहिला. "कोणी सांगितलं म्हणून जाऊ नका, असं हा सांगतोय."

"आणि आता सगळे जाणार," ब्रिन म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हणून."

"झुक्किनीचा केक घेऊन जाणार," मी म्हणालो. "बागेत झुक्किनीचे भोपळे उतू चालले आहेत, आणि आयतं पुण्य. एका दगडात दोन पक्षी."

"माझ्याकडे पहिला कोण येणार सांगू? ब्रदर जेन्सन," थेन म्हणाला. "त्याचं कुंपण माझ्या हद्दीत आलंय. इतकी वर्षं तोंड चुकवतोय, आता प्रेमाने येईल. ये म्हणावं, आणि येताना कुंपण घेऊन ये."

"पण ते वाईट काय बोलले?" ब्रिन म्हणाली. आम्ही तिच्याकडे पाहिलं तशी ती चिडली. "मला ते पटत नाहीत हो. पण समजा मनापासून म्हणाले असतील तर?"

"दुधाने तोंड पोळलंय आपलं, पोरी," थेन म्हणाला. "ताक फुंकूनच पिणार."

टीव्हीसमोर उभी राहून नेल्डा हातातला कपडा घडी घालत होती, उलगडत होती. ते नेते बसले, समूहगान सुरू झालं, तेव्हा म्हणाली, "मनापासून असेल किंवा नसेल. ऐकणारीचं मन कसं कळणार? तिला सांगितलं गेलंय ना आता." 'ऐकणारे' नाही, 'ऐकणारी' म्हणाली. कोण, ते आम्हाला तिघांनाही कळलं.

आठवडा आम्ही म्हटलं तसाच गेला. सोमवारीच ब्रदर जेन्सन थेनकडे केक घेऊन आला. कुंपणाचा विषय निघाला नाही. ब्रिनच्या दुकानात नवीन लग्न झालेलं एक जोडपं येऊन तिच्या गोंदणाचं कौतुक करून गेलं. त्या मुलीला ते बघवत नव्हतं हे दिसत होतं, पण ती बिचारी हसत राहिली. माझ्या पायरीवर कोणीतरी केक ठेवून, बेल वाजवून पळून गेलं. एवढं प्रेम मला झेपलं नसतंच.

नेल्डाकडेही आले. बिशपची बायको आली, नवीन अध्यक्षीण आली, दोघी केक ठेवून गेल्या. बागेपलीकडून कोणी आलं नाही. "बरं झालं," नेल्डा म्हणाली. "आली असती तर मी काय समजले असते? न आलेलीच बरी." पण मी शेजारी राहतो, मला दिसतं. त्या आठवड्यात तिने पुढचा ओटा रोज झाडला. आमच्याकडे पानगळ जोरात असते हे खरं, पण इतकीही नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो तर घरभर दालचिनीचा वास. हे रोल अधिवेशनालाच होतात, वर्षातून दोनदा. थेन आणि ब्रिन येऊन गेले, रोल खाऊन गेले. मी गळका नळ दुरुस्त करायच्या निमित्ताने थांबलो.

दुपारी चर्च सुटलं. गाड्या गेल्या. आणि मग बेल वाजली.

नेल्डाने काय केलं असेल? कॉफीचं भांडं उचललं आणि चालूच राहिलेल्या ओव्हनमध्ये लपवलं. चर्च सोडून इतकी वर्षं झालेली बाई. मी तोंडाला हात लावून सिंकखाली डोकं घातलं.

आयोना होती. चर्चचा निळा झगा, केस आता पूर्ण पांढरे, आणि हात रिकामे. नेल्डा तिला आत घेऊन आली, खुर्ची दिली. माझ्याकडे बघून आयोना म्हणाली, "असू दे, ब्रदर क्ले, तू तुझं काम कर." मला ब्रदर म्हणून हाक ऐकून बरीच वर्षं झाली होती.

"झुक्किनीचा केक नाही आणलास?" नेल्डाने विचारलं. आवाजाला धार होती.

"तुला आवडत नाही तो," आयोना म्हणाली. "कधीच आवडला नाही. रीडच्या ताटात सरकवायचीस."

मग नेल्डाने कधीपासून मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "त्यांनी सांगितलं म्हणून आलीस का?"

आयोना मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत बसली. नाही म्हण, मी सिंकखाली मनात म्हणत होतो. बाई, एकदा खोटं बोल.

"हो," आयोना म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हणूनच आले."

"मला वाटलंच."

"ऐकून घे ना. तू गेलीस आणि मला दुसरी घरं दिली. रोज तुझ्या खिडकीतला दिवा दिसायचा. रोज वाटायचं जावं. पण नेमणूक नाही, तर दारात उभं राहून म्हणू काय? आयुष्यात मी नेमल्याशिवाय कोणाच्या घरी गेले नाही गं. मला येतच नाही ते. आठवडाभर रोज कोट घालत होते, रोज काढून ठेवत होते. हस हवं तर."

नेल्डा हसली नाही. "याच्यामुळेच मी सोडलं," ती म्हणाली. "सांगितल्याशिवाय प्रेमसुद्धा करता येत नाही आपल्याला, म्हणून."

"ठाऊक आहे."

"आणि तुला माझ्याकडे कोणी नेमलं होतं, ते ठाऊक आहे?"

"तूच. अध्यक्षिणीची नेमणूक दुसरं कोण करणार?" आयोना म्हणाली. "मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. सगळ्या गावातून मला मागून घेणारं कोणीतरी आहे म्हणून."

नेल्डाने पाठ फिरवली आणि ताटलीत रोल काढायला लागली. तिच्या खांद्यांकडे बघून मी नळाचा पाना उगीचच जोरात आपटला, आवाज व्हावा म्हणून. तिने ताटली आयोनापुढे ठेवली. दोघी बसल्या. पीचचं झाड यंदा कसं आहे, आयोनाचा गुडघा कसा आहे, असलंच काहीतरी बोलत राहिल्या. आयोनाने रोलचा मोठा तुकडा तोडला आणि खाल्ला, मग दुसरा. आणि दुसरा तोंडात असतानाच तिचा चेहरा उतरला.

मलाही तेव्हाच आठवलं. उपास. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं चर्च उपास करतं, पाणीसुद्धा नाही; आणि पहिला रविवार अधिवेशनात गेला की तो पुढच्या रविवारी धरतात. म्हणजे आज. जन्मात एकही उपास न चुकवलेली आयोना चर्चमध्ये उपाशी पोटी प्रार्थना करून सरळ इथे आली होती, आणि सगळं विसरून खात बसली होती.

नेल्डाच्याही लक्षात आलं. तिने ताटलीकडे हात नेला. "राहू दे, आयोना. मी बांधून देते, संध्याकाळी खा."

आयोनाने घास गिळला. खिडकीतून पलीकडे चर्चचं टोक दिसतं, तिकडे एकदा पाहिलं. मग ताटली स्वतःकडे ओढून घेतली.

"नको," ती म्हणाली. "हे मला कोणीच सांगितलेलं नाही."

आणि तिने उरलेला रोल सावकाश, ताटली पुसून खाल्ला. नेल्डा तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, ते तिने पुसलं नाही. थोड्या वेळाने आयोना हवेत वास घेत म्हणाली, "काहीतरी करपतंय का गं ओव्हनमध्ये?"

"कॉफी," नेल्डा म्हणाली, आणि उठून ती सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली.