फुकटचं गाऱ्हाणं

माझ्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. येणारा-जाणारा तिचं कौतुक करतो. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते, कारण आयुष्यात दर न पाडता घेतलेली ती माझी एकमेव वस्तू आहे.

जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक चालवून मी ही दुमजली इमारत उभी केली. एकेक चिरा ठोकून, घासाघीस करून आणला. स्लॅबचाही दर पाडला, म्हणूनच बहुधा पंधराव्या वर्षी तो गळायला लागला. वरच्या मजल्यावर भाड्याने एक वयस्क शिंपीदादा आहेत. शाळेचे गणवेश शिवतात. जूनमध्ये तांबूस पाणी नेमकं त्यांच्या पांढऱ्या शर्टांवर पडायचं. ते खाली येऊन शांतपणे सांगायचे. मी ओरडायचो आणि डांबर फासायचो. मग प्लास्टिक अंथरलं. मग पुन्हा डांबर.

दर मे महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण असतो. पूजा झाली की एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. त्या वर्षी नेहमीच्या गृहस्थांनी दक्षिणा वाढवून मागितली. मी भडकलो. शिंपीदादा म्हणाले, "मी घालतंय. माका काय नको."

फुकट! मी लगेच हो म्हटलं.

गळ्यातली टेपसुद्धा न काढता ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जी काय वाकडीतिकडी सेवा केली हा, ती मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

"ह्या इमारतीक अठरा वर्सां झाली. वरचो स्लॅब गळता. मालकान डांबर लावल्यान, प्लास्टिक घातल्यान, पण पाणी काय आयकणा नाय!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज खाली आला. बायकोचा नाही.

"तर मालकाक बुद्धी दी, आणि मिरगाच्या पावसाच्या आधी वर पत्र्याची शेड होवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "दिवाळीआधी, म्हाराजा!"

कोणीच साथ दिली नाही. भटजी माझ्याकडे बघत राहिले.

"देवाकडेय भाव करतास?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इन्सुलीच्या पत्रेवाल्याला गाठलं. त्याने सांगितलेला दर ऐकून मी नेहमीचा डाव टाकला. पाठ फिरवली आणि गाडीकडे चालू लागलो. गाडीपर्यंत पोचलो. त्याने हाक मारलीच नाही. शेवटी मीच परत गेलो.

"शेटानूं," तो म्हणाला, "शेड मिरगाच्या आधी व्हयी ना? मग माका कित्याक घासतास? घाई तुमका आसा, माका नाय. ओरोसाक माझी दोन कामां थांबली हत."

गाऱ्हाणं माझ्याआधी इन्सुलीला पोचलं होतं.

शेड मिरगाच्या आदल्या दिवशी झाली. त्या जूनला शर्ट पांढरेच राहिले, हे कबूल करतो. पण शिंपीदादांनी मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. बायको म्हणते, अकरा वेळा सांगितलं होतं. बाजूला घेऊन सांगितलेलं मी धरत नाही.

तेव्हापासून एप्रिल लागला की मी वही घेऊन इमारतभर फिरतो. पन्हळी, टाकीचं झाकण, पंपाचा वॉशर, जिन्याचा कठडा. काय कधी बसवलं, किती टिकेल, कधी बदलायचं, सगळं लिहिलेलं. लोकांना वाटतं, मला इमारतीची काळजी आहे. मला काळजी गाऱ्हाण्याची.

कारण शिंपीदादा अजून फुकटच घालतात, आणि आता त्यांना नको म्हणायची सोय राहिलेली नाही.

गेल्या मे महिन्यात ते उभे राहिले आणि छतावरून, भिंतींवरून सावकाश नजर फिरवली. मी मनात वहीची पानं उलटत होतो. एकही काम बाकी नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, इमारतीची तब्येत आता बरी आसा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज पुन्हा पहिल्यासारखा.

"आता शेडीचो खर्च भाड्यातसून काढूचो इचार मालकाच्या मनात इलो हा, तो तेवढो काढून टाक!"

तो विचार मी आजवर एकाच माणसाला सांगितला होता, तोही घरात, जेवताना. तिचा "व्हय म्हाराजा" त्या दिवशी सगळ्यात मोठा होता.