विरोधी वकिलाने पुढे सरकवलेला ग्रंथ

मंडळी, मी वकील, पण पाठांतराची सवय संस्कृत पाठशाळेतली; आज चांद्याच्या कोर्टात ती पाठशाळा उघडी पडली.

गोंडपिपरीच्या सोमाबाईंची मोहाची दोन झाडं त्यांचा शेजारी तोडायला निघालाय. ती वाचवणारा जुना निवाडा मी, सोमाबाईंचा वकील, घडाघडा म्हणून दाखवला.

न्यायाधीशांनी विचारलं, "खंड कोणता? पान कोणतं?"

माझं नुसतं पाठांतर. निवाड्यांचा ग्रंथ घरी!

तेव्हा शेजाऱ्याचे वकील बापूराव उठले आणि त्यांनी आपलाच ग्रंथ, नेमकं ते पान उघडून, माझ्यापुढे सरकवला. तोडीला मनाई मिळाली.

बाहेर विचारलं, "बापूभाऊ, काऊन दिलं?"

"पंडित, श्लोक तुमचा बरोबर होता. पोथी घरी राह्यली, त्यापायी बाईची झाडं काऊन पडू द्याची?"

सोमवारी आम्ही पुन्हा समोरासमोर आहोत. पोथी नेईनच.

पण खरं सांगा, तुम्ही असता तर सरकवली असती?